सातव्या खाटेचे पट्टे

मंगळवार, ५
आधी दुरुस्ती. काल, नोकरीच्या पहिल्या दिवशी, सात नंबरच्या खाटेवरच्या शिंपीणकाकू नाटकी आहेत असं लिहिलं. खोडते. पित्ताशयाच्या ऑपरेशनआधी घरच्या गोळ्या जमा करून घेतात, त्यात त्यांची पायांच्या चुळबुळीवरची गोळीही कपाटात गेली. आता शिलाईचं मशीन चालवावं तसे पाय आपोआप हलतात. आत मुंग्यांची शाळा सुटलीय, म्हणतात. आईचंही असंच. आम्ही बहिणी पाळीपाळीने तिच्या पोटऱ्या चोळायचो.
बाकी वॉर्ड छान. मोठ्या खिडक्या, नवा कडक गणवेश.

बुधवार, ६
काकूंचं ऑपरेशन झालं. मोठ्या सिस्टरांना सांगितलं, गोळी द्या, थोडं चालवा, उलटीचं ते इंजेक्शन नको, त्याने पाय आणखी पेटतात. त्या म्हणाल्या, आईची डॉक्टरकी घरी ठेव हो, टाके उसवले तर तू शिवणार का? काकू म्हणाल्या, टाके मला शिकवू नका बाई, जन्म गेला त्यात. सगळे हसले.
मग इंजेक्शन दिलं. पाय पट्ट्यांनी खाटेला बांधले. मीच बांधले. कागदावर मला लिहायला लावलं: पट्टे बांधले. रुग्ण शांत.
काकू ओरडत होत्या.
वडील कंपाउंडर. घरी शिकवण एकच: खोटी नोंद खरी केल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही.

शुक्रवार, ८
काकू गेल्या. पायात गुठळी झाली, ती छातीत चढली. शेवटी माझं मनगट धरून म्हणाल्या, तुमच्या मोठ्या सिस्टरचं माप घेतलंय मी.
मोठ्या सिस्टर म्हणाल्या, वय झालं होतं.

रविवार, १०
सातवी खाट रिकामी. तरी भर दुपारी तिच्याखालून पायमशीनचा आवाज. खटखट, खटखट.
मोठ्या सिस्टर आता बसत नाहीत. उभ्यानेच जेवतात, पोटऱ्या भिंतीला घासतात.
मला बरं वाटलं. लिहून ठेवते.

मंगळवार, १२
मोठ्या सिस्टरांचंही पित्ताशय. गुरुवारी ऑपरेशन. खाट सात, दुसरी रिकामी नाही. डॉक्टरांनी दिलेल्या पायांच्या गोळीची डबी माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, एवढी चुकवू नकोस गं, आता कळतंय मला.
आता.

बुधवार, १३
त्यांचा कागद उघडला. गुरुवारची ओळ भरलेली — माझंच अक्षर — मी लिहिली नाही —
पट्टे बांधले. रुग्ण शांत.
खोडली. पुन्हा उमटली. खोडली.
खटखट माझ्या खुर्चीखाली. माझे पाय —
ती ओळ दिसल्यापासून घास उतरत नाही. खोटी नोंद ठेवायची नाही, खरी करायची.
उद्या, गुरुवार, चौदा तारीख, सकाळी दहाच्या ऑपरेशननंतर. उलटीचं ते इंजेक्शन काढून ठेवलंय. डबी माझ्या खिशात. पट्टे त्यांच्याच मापाचे, मी मोजून —