तोंडी तक्रार

प्रिय शहनाज आपा,

काल शाळेत तुझी शोकसभा झाली. फाटकावर फळांचा गाडा लावणाऱ्या बाईसाठी शाळा दहा मिनिटं उभी राहिली, असं आपल्या गावात आधी कधी झालं नव्हतं. दहावीच्या पोरींनी हट्ट धरला म्हणून झालं. तुझी जुनी मैत्रीण म्हणून मला बोलायला उभं केलं. मी तुझे गुण गायले, डोळ्याला पदर लावला आणि खाली बसले. जे सांगायला हवं होतं, तेवढंच पोटात राहिलं. म्हणून हे पत्र.

आधी एक कबूल करते. कालसुद्धा मी जळले. पोरी हुंदके देत होत्या आणि मी मनात म्हणत होते, मी गेल्यावर ह्या एवढ्या रडतील का? मेलेल्या माणसाचा हेवा करणारी बाई पाहिलीस का गं कुठं?

पण आधी ही पोरं माझी होती, आपा. शाळा सुटली की माझ्या ओट्यावर यायची. बायकांच्या राखीव जागेवर मी पंचायतीत निवडून आले, तेव्हा मला अक्षर येत नव्हतं. एका ठरावावर अंगठा दिला, आणि तो माझ्याच गल्लीचा नळ दुसरीकडं नेणारा ठराव निघाला. त्या रागानं चौतिसाव्या वर्षी पाटी धरली. आपल्यावर आलं ते पोरांवर नको, म्हणून ग्रामसभा काय, जाब कसा विचारायचा, अर्ज कसा लिहायचा, ते त्यांना सांगत बसायचे. एक गोष्ट तर घोकून घेतली होती. तोंडी काही करू नका. लेखी द्या, आणि आपल्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या.

आणि तू आलीस गाडा घेऊन.

तुझ्याकडं ना कायदा, ना ठराव. सफरचंदावरचा स्टिकर काढून पोरांपुढं धरायचीस, "वाचा बरं, कुठून आलं हे?" कधी इराण, कधी तुर्की. पोरं तो स्टिकर नकाशाच्या वहीत त्या त्या देशावर डकवायची. खजूर महागला की कावून महागला, ते तू सांगायची नाहीस, त्यांनाच विचारायचीस. दुसऱ्या दिवशी ती पेपर वाचून यायची, की तिकडं लढाई चाललीय, समुद्रात जहाजं अडलीत. "बाँब तिकडं पडतो अन् खजूर आपल्या रोज्याला कमी पडतो," हे तुझं वाक्य पोरांनी वर्गात फळ्यावर लिहिलं. माझं एक वाक्य कधी कुणी फळ्यावर लिहिलं नाही.

ओटा रिकामा पडला. नारायणगडाच्या जत्रेला तू दोन दिवस गाडा घेऊन गेलीस, तेव्हा पोरं आली माझ्याकडं. मी ग्रामसभेचा कोरम समजावत होते, आणि त्यांची नजर रस्त्यावर. एकीनं मधेच विचारलं, "आक्का, आपा उद्या येणार ना?"

दुसऱ्या दिवशी मी पंचायतीत गेले. ग्रामसेवकाला म्हणाले, शाळेपुढं गाड्यामुळं गर्दी होते, एखादं लेकरू मोटारीखाली येईल. खोटं नव्हतं ते. पण मी त्यासाठी गेले नव्हते. तो म्हणाला, "लेखी देता का?" मी म्हणाले, "इतकी वर्षं मेंबर होते. माझा शब्द पुरत न्हाई का?"

पुरला की. आठ दिवसांत तुला गाडा स्टँडच्या मागं, गॅरेजांपाशी न्यावा लागला. एकदा बसच्या खिडकीतून पाहिलं, तू ओल्या फडक्यानं एकेक सफरचंद पुसत होतीस. मी मान फिरवली.

मग एका संध्याकाळी पाच-सहा पोरं ओट्यावर. मला वाटलं, आली परत. त्यांच्या हातात अर्ज होता, तपासून द्या म्हणाली. गाडा कुणाच्या तक्रारीवरून हलवला? तक्रार लेखी असल्यास नक्कल मिळावी. नसल्यास गाडा होता तिथं लावू द्यावा. सगळी माझीच शिकवण! खाली एक ओळ मात्र मी शिकवलेली नव्हती. 'आपांच्या गाड्यावर आम्हाला जग कळतं.' ती मी लाल पेनानं खोडली. अर्जात असलं लिहीत नसतात, म्हणाले. खरं कारण तुला आता कळलंच.

लेखी तक्रार नव्हतीच, म्हणून गाडा परत आला. ग्रामसेवकानं माझं नाव काढलं नाही, पोरांनीही मग विचारलं नाही. आपण हसे लोकाला अन् शेंबूड आपल्या नाकाला, ही म्हण मी किती जणांना ऐकवली असेल!

त्या दिवशी तू मला हाक मारून सफरचंद दिलंस. म्हणालीस, "आक्का, तुमच्या पोरांनी लई झ्याक अर्ज लिवला. तुमीच शिकवलं ना?" मी हो म्हणाले. दोन वर्षं झाली, ते 'तुमच्या पोरांनी' चघळते आहे. चोराच्या मनात चांदणं. तुला ठाऊक होतं का गं? ठाऊक होतं, तर भांडली कावून न्हाईस? भांडली असतीस तर मी तेव्हाच मोकळी झाले असते. त्याऐवजी माझ्या बांधावरची सीताफळं तू गाड्यावर पुढं मांडायला लागलीस. "हे दोन दिवसांत मऊ पडतं, ह्याला दुनिया बघायला न्हाई मिळत. आपल्या दोघींवाणी," म्हणून हसायचीस.

आता वाटतं, पोरांना देश कळले, लढाया कळल्या, अर्ज लिहिता आला. एक गोष्ट राहिली. दुनियेत कुणाला कुठूनही उठवतात, तेव्हा आधी कुणीतरी कुणाच्या तरी कानात तोंडीच सांगितलेलं असतं. आणि सांगणारा दरवेळी राक्षस नसतो. ओट्यावर बसून पोरांना गूळ-शेंगदाणे देणारी म्हातारीही असते. हे त्यांना मी नाही सांगितलं, तर कोण सांगणार?

म्हणून शब्द देते. सोमवारी शाळेत जाईन. गाडा माझ्या तोंडी तक्रारीवरून हलवला, असं दोन प्रतींत लिहून नेईन, खाली माझी सही. अंगठा नाही. खोडलेली ओळ पुन्हा लिहीन, माझ्या अक्षरात. एक प्रत पोरांना देईन आणि दुसरीवर त्यांची पोच घेईन. मग पोरं ओट्यावर आली तर आली. नाही आली, तर तुझा गाडा आता तुझी सून लावते, तिथं जाऊन मी उभी राहीन, त्यांच्या मागं, आणि स्टिकर वाचीन.

तुझी, अजूनही जळणारी,
कौसा आक्का