पट्टीखालची फट

६ जून
आज अर्धा तास आंधळा होतो. डोळ्यांवर काळी पट्टी, डाव्या हातात कुत्रीच्या पाठीवरच्या पट्ट्याची दांडी, समोर विमा कंपनीची दीडशे माणसं. अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणारी ही संस्था, आणि मी तिचा बिनपगारी नट. रिटायर होऊन चार महिने झाले, घरात पायात पायात येता म्हणून हिने माझं नाव परस्पर देऊन टाकलं. म्हणे, जन्मभर नाटकं केलीत, आता लोकांच्या उपयोगाचं एखादं करा.

नाटकात मी शिपाई केला, डॉक्टर केला, एकदा प्रेत केलं. मुख्य भूमिका इथे मिळाली. तीही अर्धी. अर्धी कुत्रीची. तिला मी महाराणी म्हणतो. चेहराच तसा आहे – आपण सगळे तिचे नोकर.

आडव्यातिडव्या खुर्च्यांतून तिने मला न्यायचं होतं. निम्म्यात नेलं आणि कुणाच्या तरी पिशवीचा वास घेत उभी राहिली. पट्टीखाली नाकापाशी बोटभर फट आहे, तिच्यातून जमीन दिसते. दांडी हळूच उजवीकडे दाबली. निघाली. टाळ्या! प्रचाराचं काम बघणाऱ्या मॅडमच्या डोळ्यांत पाणी. ते त्यांना अगदी वेळेवर येतं.

नंतर त्याच कंपनीतल्या टेलिफोन ऑपरेटर बाई भेटायला आल्या. पन्नाशीच्या, खरोखरच्या अंध. ह्याच कुत्रीसाठी दोन वर्षं थांबल्यात. मला विचारतात, तुम्हाला काहीच दिसत नव्हतं? मी म्हटलं, मिट्ट काळोख. चौकशा नुसत्या!

१३ जून
शाळा. तीनशे पोरं. प्रश्न एकच, कुत्री चावते का. मुख्याध्यापक पाऊण तास करुणेवर बोलले आणि जाताना शिपायावर खेकसले.

२० जून
वृद्धाश्रम. निम्मे झोपलेले. महाराणीही झोपली. आत्तापर्यंतचा सगळ्यात प्रामाणिक कार्यक्रम.

२ जुलै
आता मंगळवार-शुक्रवार रस्त्यावर सराव. पट्टी बांधून मी पुढे, प्रशिक्षक दोन पावलं मागे. ह्या प्रशिक्षकाला मी मास्तर म्हणतो. वय तिशीचं, बोलणं सत्तरीचं. आज व्याख्यान दिलं – पुढे खड्डा असेल तर माणसाने 'पुढे' म्हटलं तरी कुत्रीने हलायचं नाही. हुकूम मोडायला शिकवणं हेच सगळ्यात अवघड. तेव्हा तिला चुकू द्या, तुम्ही मध्ये पडू नका.

मध्ये नाही पडलो तर खड्ड्यात पडेन. गुडघे माझे आहेत, मास्तरचे नाहीत. फटीतून बघतो, दांडी वळवतो, ती वळते. दोघंही सुखरूप. मास्तर खूश – "तुमच्याबरोबर फार छान चालते."

चालणारच!

१६ जुलै
मॉलमध्ये कार्यक्रम. मॅडम माईकवर म्हणाल्या, ह्यांचा आपल्या कुत्रीवर आंधळा विश्वास आहे. बोलल्यावर स्वतःच दचकल्या. माझ्या संपूर्ण नाट्यजीवनात एवढा मोठा हशा मिळाला नव्हता.

१ ऑगस्ट
महाराणीची परीक्षा. दांडी माझ्या हातात, मागे वह्या घेतलेले तीन परीक्षक. फुटपाथ, फाटक, उघडं गटार. पास. कोण पास झालं ते माझं मला माहीत.

११ ऑगस्ट
ऑपरेटर बाईंना कुत्री दिली. हार, फोटो, मॅडमचं पाणी. बाईंनी महाराणीचे कान चाचपले, मग पाय, मग शेपूट, कापड घेताना बघतात तसं नीट. मग म्हणाल्या, सोमवारपासून ऑफिसला एकटी जाणार. भाऊ सोडायला येतो, त्याच्या कपाळावरच्या आठ्या मला ऐकू येतात.

बाई बऱ्या आहेत. ह्या लोकांत कशा आल्या कोण जाणे.

माझ्या कपड्यांवरचे कुत्रीचे केस दारात पडायचे म्हणून दोन महिने ओरडणारी ही आज म्हणते, दार किती स्वच्छ दिसतंय. आणि तरीही पुन्हा झाडत बसली.

२४ ऑगस्ट
बाई पडल्या. पाइपासाठी खणलेला चर, ऑफिसच्या कोपऱ्यावर. महाराणी त्याच्यापाशी थांबली होती. बाईंना वाटलं फुटपाथ संपला. "पुढे" म्हणाल्या. ती थोडी थांबली – दांडी वळायची वाट बघत असणार – आणि मग पुढे गेली. बाईंचं मनगट मोडलं. हनुवटीला पाच टाके.

मास्तरने फोनवर सांगितलं. मी हं हं करत राहिलो.

२६ ऑगस्ट
संस्थेत बैठक. कुत्री अयोग्य ठरली. कामावरून बाद, कुणाच्या तरी घरी पाळायला देणार. मॅडम म्हणाल्या, एखादं जनावर मुळातच मंद असतं. महाराणी टेबलाखाली माझ्या बुटावर हनुवटी ठेवून पडली होती.

चहा घेतला. दुसऱ्यांदा दिला, तोही घेतला.

२७ ऑगस्ट
तीन महिने मी ह्या वहीत सगळ्यांना नावं ठेवली. आज मागची पानं वाचली. अख्ख्या संस्थेत एकच थापाड्या निघाला.

सकाळी मास्तरला गाठून सगळं सांगितलं. त्याने बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. म्हणाला, मी दोन पावलं मागे होतो, मला दिसायला हवं होतं. मग म्हणाला, तिला बाद होऊ देणार नाही, पहिल्यापासून शिकवीन, सहा महिने लागतील. तुम्ही तिला हात लावायचा नाही.

तिथून बाईंकडे. दार भावाने उघडलं. बाई प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. सांगितलं. उभ्यानेच.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सभागृहात तुमचे पाय फार बिनधास्त पडत होते. न दिसणारा माणूस तसा चालत नाही. म्हणून विचारलं. तुम्ही म्हणालात, मिट्ट काळोख."

"हो."

"मी तुमच्या शब्दावर गेले. कुत्रीवर नाही."

काहीही लागलं तर सांगा, म्हणालो. हे वाक्य लोक दवाखान्यात म्हणतात तेव्हा मी हसतो.

"लागणारच आहे," त्या म्हणाल्या. "ह्याला नोकरी आहे. मला पण आहे."

१५ सप्टेंबर
बाईंना ऑफिसला सोडण्याचा आजचा पाचवा दिवस. माझ्या कोपराला धरून चालतात. आज मध्येच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुम्ही ओढता."

उद्या हळू चालेन.