भिंतीवरचा 'पाडा'

जव्हार, मंगळवार, ऑगस्ट १९९९

हुश्श! वाचनालय राहतंय.

सकाळी कुलूप काढलं आणि मागच्या ओल्या भिंतीवर खडूने लिहिलेलं दिसलं: 'पाडा'. काल मी रजेवर असताना नगरपालिकेचे साहेब इमारत पाहून गेले म्हणे, त्यांनीच लिहिलं असणार. बाजारातली एवढी जुनी विटांची इमारत, आणि तिची वाट लावली कोणी? मीच ना? तीन पावसाळे गळतीखाली नुसती बादली ठेवत आले. दिवसभर तो 'पाडा' डोळ्यांपुढून हलेना.

संध्याकाळी गळतीच्या दुरुस्तीसाठी बोलावलेले मोखाड्याकडचे लक्ष्मणदादा गवंडी आले. पन्हळीत रुजून पाणी भिंतीत वळवणारा पिंपळ त्यांनी उपटला. खाली उतरल्यावर मी रडकुंडीला येऊन भिंत दाखवली, तर हसायलाच लागले.

"बाई, काल माप घेताना मीच लिवलंय. सांधे भराया आमच्या पाड्यावरची माती आनायची हाय, इसरू नये म्हून. 'माती, पाडा' लिवलं व्हतं."

'माती' ओलीने पुसली गेली होती. उरला होता नुसता 'पाडा'.

भिंत अजून पक्की आहे म्हणाले. मी खडू घेतला आणि 'माती' पुन्हा लिहिली. या वेळी कोरडी वीट शोधून.