चपलांची खिडकी

१३ डिसेंबर, शनिवार

रस्ता दर निवडणुकीला वर चढतो आणि आमचं घर खाली जातं. पुढच्या खोलीचं तर तळघरच झालंय. खिडकी रस्त्याच्या पातळीला – बसल्या जागी लातूरकरांच्या टाचा बघा! ह्यांना त्याचंच कौतुक. गुडघे गेल्यापासून खिडकीखालच्या कॉटवर पडून चपलांवरून माणसं ओळखतात.

पण थंडी! झडपा वाकल्यात, फटीतून बोट जातं. हिटर दिवसभर चालतो आणि तापतं ते फक्त लाईट बिल.

त्यात समोरच्या पंचफुलाबाईंनी अंगण धुतलं. पाणी थेट ह्यांच्या उशीवर! मी इंग्रजीतून सुनावलं. तर म्हणतात, "पाणी खालीच जाणार की मॅडम. त्येला काय इंग्रजी येतंय व्हय?"

उद्धट बाई! उत्तर चांगलं होतं, म्हणून जास्त राग आला.

१४ डिसेंबर

थर्माकोल आणला. मापात कापून आतून ठोकून बसवला, कडेला चिकटपट्टी, वर जुन्या साडीच्या चिंध्या. कॉन्व्हेंटात सिस्टर शिवणात फट दिसली की हातावर पट्टी मारायच्या. आज त्यांना सुईभर जागा सापडली नसती.

हे म्हणाले, "आणि लोकांचे पाय?"

"टीव्ही बघा. त्यात अख्खी माणसं येतात."

१६ डिसेंबर

हिटर बंद! जिंकले! रस्त्याचा आवाजही नाही. हे भिंतीकडे तोंड करून झोपतात.

१९ डिसेंबर, येळवस

वेळ अमावस्या – अख्खं लातूर शेतात जेवायला. आमचं शेत कधीच विकलं. हे चालते होते तोवर पंचफुलाबाई त्यांच्या टेम्पोतून न्यायच्या. नंतर दरवर्षी संध्याकाळी खिडकीच्या गजांतून शेतातल्या मिसळभाजीचा डबा – "मॅडम, धरा की! भज्जी गार व्हायलीय!" मागच्या गल्लीतल्या दाराला फिरून यायची त्यांना गरजच पडली नाही.

म्हणून आज गॅस पेटवला नाही. हे इस्त्रीचा शर्ट घालून बसले. अंधार पडला. कुणी नाही. एवढ्याशा पाण्यावरून आजारी माणसाची भज्जी तोडली! शेवटी ब्रेड भाजला. हे म्हणाले, "भूक नाही."

असल्या बाईचं तोंड बघणार नाही. चपलाही नाही!

२० डिसेंबर

खोलीत आंबूस वास. ह्यांना अंघोळ घातली. वास तसाच.

खिडकीशी नाक नेलं. थर्माकोल उचकटला. गज आणि थर्माकोल यांच्यामध्ये डबा. भज्जी, बाजरीचे उंडे, आंबिलाची बाटली कलंडून सगळं त्यात पोहतंय. ह्यांच्या उशीपासून वीतभर अंतरावर!

म्हणजे त्यांनी हाक मारली असणार. थर्माकोलमधून दिव्याचा उजेड दिसत असणार. आणि आम्ही ओ दिली नाही.

 

२१ डिसेंबर

डबा रिकामा परत करायचा नसतो. सिस्टरांनी शिकवलेला केक केला. खालून करपला. तरी डब्यात भरून उघड्या खिडकीशी बसले.

"आल्या," हे म्हणाले. "डावा पाय घासतात."

मी हाक मारली. चपला थांबल्या. मग पुढे गेल्या.

हिटर लावला. ह्यांनी तो बंद करायला लावला, खिडकी नाही.

२२ डिसेंबर

मागचं दार वाजलं. पंचफुलाबाई! पायऱ्या उतरून धापा टाकत होत्या.

"डबा द्या माझा," म्हणाल्या. "आन् त्यात काय जाळून ठिवलंय, ते बी द्या. कालपासून वास यायलाय."