मळका सदरा

दादा,

तुझं आपलं तेच, की बहिणीच्या लग्नापेक्षा टाकून दिलेली घोडी मोठी झाली का. फोनवर विचारलंस, आता ऐक. आमच्या जनावरांच्या दवाखान्यात आणली तेव्हा ती नुसता हाडांचा सापळा होती. जखमा भरल्या, पण खाते फक्त माझ्याच हातून. डॉक्टरीणबाई म्हणतात, "तू गेलास तर ही उपाशी मरेल." लीद आणि औषधाच्या वासानं माझा जीव विटलाय, पण हलता येत नाही.

म्हणून काल माझा घामट सदरा दुसऱ्या गड्याला घालायला दिला. तो म्हणाला, "आज बायको घरात घेत नाही बघ." पण घोडीनं सदरा हुंगला आणि त्याच्या हातचं सगळं खाल्लं. बाई हसल्या, "सुटलास रे, जा घरी."

सुटलोच होतो, दादा. पण तिकडे माझ्यावाचून कुणाचं काय अडतं? संध्याकाळी तो सदरा मागून घेतला आणि साबण लावून स्वच्छ धुतला. आज तोच धुतलेला सदरा घालून आलेल्या त्या गड्याकडे घोडीनं पाठ फिरवली, आणि बाईंनी माझी रजा रद्द केली.

तुला सांगेन, रजाच मिळाली नाही. हे पत्र काही टाकणार नाही. लग्नाला बारा हजार तेवढे पाठवतोय.

तुझा धाकटा