स्फटिकाचा दीड तास

१० जून
पूल खात्याच्या पत्राने झोप उडवली, म्हणून लिहिते. नदीवरच्या पुलाच्या खांबातून काँक्रीटचे तुकडे कापून त्यांनी रसायनशाळेत तपासले. मीठ आमच्या आकड्याच्या दुप्पट! मीठ म्हणजे आतल्या सळ्यांना गंज.
आमचे यंत्र खांब न फोडता त्यात न्यूट्रॉन सोडते. काँक्रीटमधून उलट आलेली गॅमा किरणे आयोडीन असलेल्या स्फटिकात चमकतात. त्या चमकांवरून मीठ किती, ते माझे गणित सांगते. माझे — अकरा वर्षे.
संचालक म्हणाले, चूक रसायनवाल्यांची असणार, तुम्ही तीस तारखेला सुखाने निवृत्त व्हा. मलाही तसेच वाटते. पण वाटणे म्हणजे पुरावा नव्हे.

१२ जून
गणित पहिल्यापासून तपासले. मोजणीचा आलेख गणितापेक्षा डावीकडे फुगलेला. हे मला नवे नाही. तिथे मी एक गुणक ठेवून दिला आहे. कुठून आला? जुळवून! दुसऱ्या कोणी हे केले असते तर मी त्याला उभा-आडवा घेतला असता.

१३ जून
गुणक काढला. फुगवटा तिथेच.

१६ जून
हे म्हणाले, "जाता जाता स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड मारून घेणार का?" म्हटले, पाय माझा, पूल लोकांचा. मग भाजी त्यांनीच चिरली.

१७ जून
मी प्रमुख होण्यापूर्वीच्या नोंदवह्या काढल्या. त्यांत फुगवटा जवळजवळ नाही. तेव्हा मोजणी एक जुने तंत्रज्ञ करीत. खांब मोजून झाला की दीड तास यंत्र बंद, मगच न्यूट्रॉनशिवाय रिकामी मोजणी, खांबाच्या मोजणीतून वजा करायला. तेवढ्यात ते चहाला जात. ती चैन मी आल्या आल्या मोडली. दिवसाला दोनाचे पाच खांब होऊ लागले. शाबासकीही मिळाली.

१८ जून
भांडारात गेले. त्या तंत्रज्ञांना तिथे मीच धाडले होते. विचारले, दीड तास कशासाठी?
"बाई, स्फटिक न्यूट्रॉन खातो. मग बराच वेळ स्वतःच चमकत राहतो. निवू द्यावा लागतो."
"मला का नाही सांगितलंत?"
"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, स्फटिकाला कसली विश्रांती, ती तुम्हाला हवीय."
म्हणाले असेन. शब्द माझेच वाटतात.

२० जून
आयोडीन न्यूट्रॉन गिळून किरणोत्सारी होते, आणि दर पंचवीस मिनिटांनी निम्मे निवते. माझ्या गणितात स्फटिक नुसता साक्षीदार होता. त्याला आरोपी केले — आलेख चपखल बसला, गुणकाशिवाय! आनंद झाला, पण क्षणभरच. घाईने घेतलेल्या रिकाम्या मोजणीत स्फटिकाची स्वतःची चमक होती. ती आम्ही वजा करत राहिलो. तिच्याबरोबर मीठही वजा झाले.

२३ जून
तंत्रज्ञांना घेऊन नदीवर. एक खांब, दीड तास, मग रिकामी मोजणी. आकडा रसायनशाळेचाच आला. मधल्या वेळात त्यांनी थर्मासमधला चहा पुढे केला. मी तो प्यायले.

२५ जून
संचालकांचे म्हणणे, नवा प्रमुख हळूहळू दुरुस्त करील, तुमचे नाव खराब कशाला? म्हटले, खराब झालेलेच आहे, लोकांना कळायचे तेवढे बाकी आहे.

२७ जून
सुपूर्द: दीड तास न थांबता मोजलेल्या चौदा पुलांचे अहवाल मागे घेतल्याचे पत्र, माझ्या सहीने. सुधारित गणित. मोजणीची पद्धत, तंत्रज्ञांच्या नावाने. पूल खात्याच्या अभियंत्याने तीन वाजून दहा मिनिटांनी पोच दिली.
साडेचारपासून चौदाही पूल जड वाहनांना बंद.