डाव्या हाताची कात्री

मी, खाली सही करणारी, वय त्रेसष्ट, धंदा कपडे बेतणे, हे मृत्युपत्र कुणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. शुद्धीत आहे. गोंधळलेलीही आहे; वकीलबाई म्हणाल्या, तेवढं चालतं.

१. राहतं घर आणि शिवणाची दोन्ही मशिनं लेकीला.

२. यजमानांची मोठी कात्री दुकानातल्या इस्त्रीवाल्याला. त्या कात्रीने मी तीस वर्षं उजव्या हाताने कापड कापलं. "हात काय साफ आहे गं तुझा!" हे म्हणायचे. पाटीवर नाव त्यांचं होतं. तो साफ हात तरी माझा होता का, कळत नाही.

३. निळी रिबीन माझ्याबरोबर जाऊ द्यावी. पहिलीत कॉन्व्हेंटच्या सिस्टर या रिबिनीने माझा डावा हात बाकाला बांधायच्या आणि शाळा सुटताना याच रिबिनीने माझी वेणी घालायच्या, किती हळुवार! त्यांच्यावर रागवावं की त्यांच्या आठवणीने रडावं, साठी उलटली तरी ठरत नाही. दोन्ही करते.

४. डाव्या हाताची कात्री नातीला. हे गेल्यावर माझं उजवं मनगट मोडलं. जुनी कात्री डाव्या हातात धरली की खडूची रेघ पात्याआड जायची, म्हणून ही मागवली. रेघ समोर दिसली. त्या दिवशी मी पहिल्यांदा स्वतःसाठी झगा बेतला. गळा वाकडा झाला. तोच घालून बाजारात गेले.

मागच्या रविवारी लेकीने नातीच्या डाव्या हातातला चमचा काढून उजव्या हातात दिला. "अगं, शाळेत हसतील तुला!"

नातीने मला विचारलं, "आजी, हा हात वाईट आहे का?"

मी म्हणाले, "जेव गुपचूप." आवाज हुबेहूब सिस्टरांचा.

घर देताना चमच्याची अट घालणार होते. वकीलबाई हसल्या, "पहारा कोण देणार?" तर मग विनंती: पोरी, तिला त्या हाताने जेवू दे.

५. बँकेत माझी सही उजव्या हाताची आहे. डाव्या हाताची सहा वर्षांच्या मुलीसारखी येते. तो हात तिथेच थांबला होता. "बाई, एक काय ते ठरवा," वकीलबाई म्हणाल्या. नीट ठरलंय असं अजूनही नाही. पण नात समोर बसून बघते आहे, आणि तिला उत्तर द्यायचं राहिलंय.

सही: केली. अक्षर पहिलीतलं आहे, हरकत नसावी.

स्थळ: दुकानाची मागची खोली
दिनांक: चार मार्च, सकाळी

साक्षीदार: १. शेजारची नर्स २. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर
सही आमच्या दोघांसमोर, डाव्या हाताने झाली. कागद सरकू नये म्हणून नातीने धरला होता.